कर्नल पब्लिक करायचाय? बटण दाबायच्या आधी हे करून घ्या

रिपॉझिटरी, म्हणजे गिटवर ठेवलेला कोडचा साठा, प्रायव्हेटची पब्लिक करायला दहा सेकंद लागतात. आम्हाला त्याच्या आधीच्या तयारीला दोन महिने लागले, आणि त्यातलं निम्मं काम असं होतं की कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासूनच नीट केलं असतं, म्हणून इथं सगळं लिहून काढतोय. आम्ही तिघं सोलापूरचे. फायनल इयरला प्रोजेक्ट म्हणून छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला, एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर) चालणारा, ६४ बिट, स्वतःचं पेजिंग (मेमरीची पानांत वाटणी), साधा शेड्युलर (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा), कीबोर्ड, सिरियल पोर्ट आणि हार्डडिस्कचा ड्रायव्हर, बस एवढंच. मार्क मिळाले, दोघं नोकरीला पुण्याला गेले, पण कोड काही सुटला नाही, शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आले की शनिवार रविवार परत तेच. मग एकदा ठरवलं की हे लोकांसाठी खुलं करायचं, आपल्यासारखं कुणीतरी शिकायला बघत असेल त्याला उपयोग होईल.

सगळ्यात आधी एकच टेस्ट करा, बाकी सगळं नंतर. तुमचा कोड अशा माणसाला द्या ज्यानं तो कधी बघितलेला नाही, त्याच्या मशीनवर, आणि तुम्ही शेजारी बसा पण तोंड उघडू नका. आम्ही जुळे सोलापूरच्या एका मित्राला फोल्डर दिला आणि शेजारी न बसता घरी आलो. अर्ध्या तासात त्याचा फोन, "ग्रब म्हणतोय मल्टीबूट हेडरच सापडत नाही, काय करायलाय बे तुम्ही?" ग्रब म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम, आणि मल्टीबूट हेडर म्हणजे ज्यावरून तो कर्नल ओळखतो ती खूण. आमच्याकडं तर रोज बूट होत होतं! शोधायला पूर्ण संध्याकाळ गेली. झालं असं होतं की आमच्या मेकफाइलमध्ये (बिल्ड कशी करायची ते सांगणारी फाइल) क्रॉस कंपायलर (आपल्या कर्नलसाठी वेगळा बांधलेला कंपायलर) सापडला नाही तर सिस्टिमचा साधा जीसीसी कंपायलर वापर असं लिहिलेलं होतं, कुणी कधी लिहिलं तेही आठवत नव्हतं. त्याच्याकडं क्रॉस कंपायलर नव्हता, म्हणून उबंटूचा जीसीसी लागला, आणि उबंटूचा जीसीसी लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) बिल्ड आयडीचं एक सेक्शन घालायला स्वतःहून सांगतो. आमच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये त्या सेक्शनला जागाच सांगितलेली नव्हती, त्यामुळं लिंकरनं ते सगळ्यात पुढं नेऊन बसवलं आणि मल्टीबूटचा हेडर मागं ढकलला गेला. मल्टीबूटच्या पहिल्या व्हर्जनमध्ये हेडर फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटच्या आतच पाहिजे, त्याच्या बाहेर ग्रब बघतच नाही. कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नव्हतं तरी बूट होत नव्हतं.

यावरून तीन कामं लगेच करा. एक, मेकफाइलमधला असला गुपचूप पर्याय काढून टाका, क्रॉस कंपायलर नसेल तर बिल्ड तिथंच थांबली पाहिजे आणि काय इन्स्टॉल करायचं ते स्पष्ट लिहून आलं पाहिजे. दोन, बिनुटिल्स (लिंकर वगैरे टूल) आणि जीसीसीची नक्की कुठली व्हर्जन वापरली ते लिहा, आणि ते दोन्ही बांधून देणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीतच ठेवा, शिवाय तेच सगळं आत असलेली डॉकरची फाइलपण द्या, कारण जीसीसी सोर्सपासून कंपाइल करणं म्हणजे जुन्या लॅपटॉपवर तास दोन तासांचं काम, मध्येच लाइट गेली की परत पहिल्यापासून, एवढा धीर धरून कुणी तुमचा कर्नल बघणार नाही. तीन, मेकफाइलमधल्या प्रत्येक फ्लॅगच्या शेजारी तो का आहे ते एका ओळीत लिहा. हे मी मुद्दाम सांगतोय. उदाहरणार्थ रेड झोन बंद करणारा फ्लॅग घ्या. ६४ बिटच्या नेहमीच्या एबीआयमध्ये (फंक्शननं रजिस्टर, स्टॅक कसे वापरायचे त्याचे नियम) स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शन न विचारता वापरू शकतं, कर्नलमध्ये त्याच क्षणी इंटरप्ट आला तर सीपीयू त्याच जागेवर आपली फ्रेम लिहितो आणि फंक्शनचा डेटा जातो, तोही कधीतरीच, रोज नाही. उद्या कुणी नवीन माणूस "हा फ्लॅग कशाला" म्हणून काढून टाकेल आणि मग चार महिन्यांनी कुठंतरी विचित्र क्रॅश होईल, तो शोधता शोधता जीव जाईल. एक ओळ कॉमेंट लिहिली असती तर वाचला असता.

मित्रानं टेस्ट करताना जेवढे प्रश्न विचारले तेवढ्या ओळी रीडमीत (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) कमी आहेत असं समजा. आम्ही वहीत चौदा प्रश्न लिहिले होते. सगळ्यांची उत्तरं रीडमीत घातली आणि मग दुसऱ्या, एकदम नवीन माणसाला दिलं. पहिल्याला परत देऊ नका, त्याला आता माहीत झालेलं असतं.

आता कोड कुठून आला हा विषय, आणि इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. शिकताना आपण दहा ठिकाणांहून तुकडे उचलतो, ते शिकण्यापुरतं ठीक आहे, पण पब्लिक करताना प्रत्येक फाइल उघडून स्वतःला विचारायचं की हे मी लिहिलंय का, नसेल तर कुणाचं, आणि त्याची परवानगी काय. आम्ही एक तक्ता केला, फाइलचं नाव, कुणी लिहिली, कुठून आली, लायसन्स कुठलं. तीन प्रकार निघाले. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून घेतलेलं थोडं होतं, ते एमआयटी लायसन्सखाली आहे, म्हणजे वापरता येतं पण त्यांची कॉपीराइटची नोटीस आपल्या कोडबरोबर ठेवावीच लागते, आम्ही ती उडवलेली होती, परत घातली. दुसरं, एका ट्यूटोरियलमधून उचललेला कीबोर्डचा कोड, त्याच्यावर लायसन्सच नव्हतं. लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे फुकट आहे असं खूप जणांना वाटतं, उलट आहे, काही लिहिलेलं नसलं तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. तो कोड आम्ही टाकून दिला आणि स्कॅनकोडचा (कुठली की दाबली ते सांगणारे आकडे) तक्ता समोर ठेवून नव्यानं लिहिला, दोन रात्रीत झाला आणि आधीपेक्षा चांगला झाला. तिसरं लिनक्समधून घेतलेलं एक छोटं फंक्शन. लिनक्स जीपीएल व्हर्जन २ खाली आहे, ते ठेवायचं तर आपला सगळा कर्नल त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. आम्हाला ते नको होतं म्हणून काढलं. नुसती नावं बदलून, स्पेस हलवून ठेवू नका, ते काढणं नव्हे. आणि फाँट विसरू नका! स्क्रीनवर अक्षरं दाखवायला आपण जो ८ बाय १६ चा बिटमॅप फाँट कुठूनतरी आणलेला असतो त्यालाही लायसन्स असतं.

हे फार ताणतोय असं वाटत असेल तर बीएसडीचं, म्हणजे बर्कले विद्यापीठातून निघालेल्या युनिक्सचं, बघा. १९९२ साली एटीअँडटीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजनं बर्कलेच्या कोडवरून केस केली, १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा जवळपास १८,००० फाइलींपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या आणि ७० फाइलींत कॉपीराइटची नोटीस घालावी लागली. तीन फाइली! पण तेवढ्या काळात बीएसडी घ्यावं की नको या शंकेत लोक थांबले, आणि नेमक्या त्याच दिवसांत लिनक्स वाढत गेला.

कोड आपणच लिहिला तरी तो आपला आहे का, हेपण बघावं लागतं. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ प्रमाणं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. आमच्यातले दोघं कंपनीत लागलेले, एकाच्या करारात तर घरी केलेल्या कामाबद्दलही एक कलम होतं, ते सही करताना त्यानं वाचलंच नव्हतं. त्यानं एचआरला ईमेल करून प्रोजेक्टचं वर्णन दिलं, कंपनीच्या लॅपटॉपवर हे केलेलं नाही, कामाच्या वेळेत केलेलं नाही असं लिहिलं आणि लेखी उत्तर मागितलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले पण आलं. कॉलेज प्रोजेक्ट असेल तर गाइड सरांना किंवा मॅडमना आधी भेटा आणि कॉलेजचा काही नियम आहे का ते विचारा, तोंडी "हो हो कर की" वर थांबू नका, दोन ओळी लिहून सही घ्या. ज्यांनी एखादा पॅच (कोडमधला बदल) दिला असेल त्या सगळ्यांचं होकारपत्र घ्या, ईमेल चालतो. आता चार माणसं आहेत तोवर हे सोपं आहे, चाळीस झाल्यावर कोण कुठं गेलं तेही कळत नाही.

लायसन्स कुठलं निवडावं यावर रात्रभर वाद घालता येतो, मी माझं मत सांगतो. तुमचा कोड घेऊन बदल करणाऱ्यानं, वाटताना ते बदलही खुले ठेवावेत असं वाटत असेल तर जीपीएल. कुणीही घ्या, काहीही करा, फक्त नाव ठेवा असं असेल तर एमआयटी किंवा दोन कलमी बीएसडी. शिकण्यासाठीच्या कर्नलला मी दुसरं घेईन, आम्ही एमआयटी घेतलं. अपाची २ चांगलं आहे, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते जीपीएल व्हर्जन २ बरोबर जुळत नाही, पुढं लिनक्सचा ड्रायव्हर आणायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्स कोडला लावू नका, ते स्वतःच सांगतात की सॉफ्टवेअरसाठी ते नाही. स्वतःचं लायसन्स तर अजिबात लिहू नका. लिनक्सचं पहिलं लायसन्स त्याचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सनं स्वतः लिहिलं होतं, त्यात वाटताना पैसे घ्यायला बंदी होती, १९९२ मध्ये त्यानं ते बदलून जीपीएल केलं. निवडलं की पूर्ण मजकूर रूटमध्ये एका फाइलमध्ये, आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची (लायसन्सचं नाव ठरलेल्या पद्धतीनं सांगणारी) एक ओळ, कारण लोक तुमची एकच फाइल उचलून नेतात आणि लायसन्सची फाइल मागंच राहते.

नावाचंही बघून घ्या. लिनक्स हा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, तो शब्द आपल्या नावात परवानगीशिवाय घालू नका. बाकी नाव आधी कुणी घेतलंय का ते शोधा, पाच मिनिटांचं काम.

पुढचं काम गिटच्या, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या टूलच्या, हिस्टरीचं. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते, ते म्हणायचे चादर घेणारं गिऱ्हाईक आधी चादर उलटी करून बघतं. इथंही तसंच, लोक हिस्टरी वाचतात. फाइल डिलीट करून कमिट केली (बदल नोंदवला) म्हणजे ती गेली असं नाही, जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते आणि क्लोन करणाऱ्या प्रत्येकाकडं जाते. आमच्या हिस्टरीत एका सर्व्हरचा पासवर्ड, एका मित्राचा फोन नंबर आणि भांडून लिहिलेले चार पाच कमिट मेसेज सापडले. गिटलीक्ससारखं पासवर्ड शोधणारं टूल पूर्ण हिस्टरीवर चालवा, आणि सापडलेलं काढायला गिट फिल्टर रेपो वापरा, आधी बॅकअप घेऊन. पण पासवर्ड किंवा की सापडली तर नुसती हिस्टरी साफ करून थांबू नका, ती की रद्द करून नवीन काढा, हेच खरं काम आहे. प्रत्येक कमिटमध्ये तुमचा ईमेल असतो तोही बघा, पर्सनल नको असेल तर आत्ताच बदला.

काही जण सगळी हिस्टरी फेकून एका कमिटनं सुरुवात करतात. सोपं आहे, पण मला पटत नाही. कर्नलमध्ये एखादी विचित्र ओळ का आहे हे बरेचदा फक्त कमिट मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, ते फेकलं तर शिकायला येणाऱ्याचं नुकसान होतं.

आता दुसऱ्याच्या डेटाची जबाबदारी, हे साध्या ॲपमध्ये नसतं पण कर्नलमध्ये असतं. तुमच्या कर्नलला डिस्कवर लिहिता येत असेल तर तो कुणाच्या तरी घरातली हार्डडिस्क पुसू शकतो, त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो असतील, कुणाच्या दुकानाचा हिशोब असेल. आम्ही लिहिण्याचा कोड बाय डिफॉल्ट बंद केला, बूट करताना मुद्दाम एक ऑप्शन दिला तरच चालू होतो. रीडमीत पेनड्राइव्हवर इमेज टाकायची कमांड दिलीत तर त्यात डिव्हाइसचं खरं वाटेल असं नाव लिहू नका, लोक आहे तशी पेस्ट करतात. तिथं रिकामी जागा ठेवा आणि आधी डिव्हाइसची यादी कशी बघायची ते लिहा. आणि वर, पहिल्याच स्क्रीनला दिसेल असं, ठळक लिहा की हे एम्युलेटरमध्ये (सॉफ्टवेअरनं बनवलेल्या खोट्या मशीनमध्ये) चालवा, रोजच्या कॉम्प्युटरवर नको.

एम्युलेटरमध्ये चालतं म्हणजे खऱ्या मशीनवर चालेल असंही नाही. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये रॅम शून्यांनी भरलेली मिळते, खऱ्या मशीनवर त्यात आधीचा कचरा असतो. आम्ही नवीन पेज टेबलसाठी घेतलेलं पान पुसतच नव्हतो, क्यूएमूमध्ये दोन वर्षं काही झालं नाही, आणि जुन्या डेस्कटॉपवर पहिल्याच बूटला ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाही परत चूक) होऊन मशीन रीस्टार्ट. एखादा जुना पीसी मिळवा, सेकंडहँडवाल्याकडं स्वस्तात मिळतो, ज्याला खरा सिरियल पोर्ट आहे असा बघून घ्या. नवीन लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा जुन्या बायॉसऐवजी फक्त यूईएफआय असतं, तिथं जुना व्हीजीए टेक्स्ट मोड मिळत नाही, तुमचा कर्नल फक्त बायॉसवर चालत असेल तर तसं सरळ लिहा. कुठल्या कुठल्या मशीनवर तुम्ही स्वतः बूट करून बघितलं त्याची यादी द्या, दोनच असतील तर दोनच लिहा.

पब्लिक करायच्या आधी पॅनिक स्क्रीन (कर्नल चूक होऊन थांबला की दिसणारी) सुधारा, याचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळतो. लोक मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात, त्या एका फोटोतून तुम्हाला सगळं कळलं पाहिजे. व्हर्जन, गिटच्या कमिटचा हॅश (त्याची ओळख), कुठला एक्सेप्शन आणि त्याचा एरर कोड, आरआयपी (कोड कुठल्या पत्त्यावर होता), पेज फॉल्ट असेल तर सीआर२ (मेमरीचा कुठला पत्ता मागितला होता), आणि स्टॅकवरचे आठ दहा पत्ते. हेच सगळं सिरियलवरही पाठवा म्हणजे क्यूएमूमधून कॉपी करता येतं. कमिटचा हॅश बिल्डच्या वेळी आपोआप आत जाऊ दे. तारीख आणि वेळ मात्र घालू नका, त्यानं तोच कोड दोनदा बिल्ड केला तरी बायनरी वेगळी येते आणि मग कुणाला पडताळून बघता येत नाही.

सीआय (प्रत्येक कमिटला आपोआप होणारी तपासणी) लावा, पण नुसतं कंपाइल होतंय एवढं बघून उपयोग नाही, प्रत्येक कमिटला क्यूएमूमध्ये बूट झालं पाहिजे. क्यूएमूमध्ये डीबग एक्झिटचं एक डिव्हाइस आहे, कर्नलनं त्यात आकडा लिहिला की क्यूएमू बंद होतो. एक्झिट कोड मात्र लिहिलेल्या आकड्याच्या दुप्पट अधिक एक असा येतो, म्हणजे १६ लिहिलं तर ३३, शून्य कधीच येत नाही. त्यामुळं स्क्रिप्टमध्ये ३३ म्हणजे पास असं तुम्हीच ठरवून लिहा आणि टाइमआउट लावा, नाहीतर अडकलेला कर्नल तासभर तसाच फिरत बसतो. आम्ही ६४ एमबी रॅम आणि २ जीबी रॅम, दोन्हीवर चालवतो, कमी रॅमवर लपलेल्या चुका पटकन बाहेर येतात.

रीडमीत काय चालतं यापेक्षा काय चालत नाही ते जास्त मनापासून लिहा. टॉरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ ला लिनक्सबद्दल पहिल्यांदा जगाला सांगितलं तेव्हा त्यात हा छंद आहे, पोर्टेबल नाही, आणि एटी हार्डडिस्कशिवाय दुसरं काही चालेल असं वाटत नाही, हे स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्या रीडमीत नेटवर्क नाही, यूएसबी नाही, एकच कोर, असं लिहिलंय. इंग्लिश रीडमी पाहिजेच, पण मराठीतली एक फाइलपण ठेवा. आमच्यातल्या एकाच्या घरी तेलुगू बोलतात आणि त्याच्या शेजारी कन्नड, सोलापुरात हे नेहमीचंच, त्यानं हौसेनं तेलुगूतपण करून दिली. पेजिंग म्हणजे काय हे आपल्या भाषेत एकदा वाचलं की मग इंग्लिश मॅन्युअल वाचायची भीती जाते, हे मी माझ्या ज्युनिअर पोरांत बघितलंय.

बाकी थोडं पटापट. पॅच कसा पाठवायचा त्याची एक छोटी फाइल, आणि त्यात साइन्ड ऑफ बायची ओळ मागा, हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं देणारा त्यातून सांगतो, लिनक्समध्ये ही पद्धत २००४ पासून आहे. सिक्युरिटीचा बग सापडला तर कुठं कळवायचं ती एक फाइल. सुरुवात करणाऱ्यांसाठी चार पाच सोपे इश्यू (करायच्या कामांच्या नोंदी) आधीच लिहून ठेवा.

रिलीजचा दिवस निवडताना पुढचा आठवडा मोकळा आहे का बघा. आमचा पहिला बेत जानेवारीच्या मध्याचा होता, पण संक्रांतीला सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा, घरी पाहुणे, कोण लॅपटॉप उघडणार, म्हणून फेब्रुवारीत ढकललं. ०.१.० असा टॅग साइन करून लावा, आयएसओ फाइल आणि तिचा एसएचए२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) बरोबर द्या, काय नवीन आणि काय बिघडलेलं आहे ते लिहा. पब्लिक केल्यावर लगेच दुसऱ्या कॉम्प्युटरवर, लॉगिन न करता, सगळं डाउनलोड करून चेकसम तपासा आणि बूट करून बघा, आम्ही हे एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केलं आणि आयएसओची लिंक तुटलेली सापडली.

आमच्याकडं पहिला इश्यू दुसऱ्या दिवशी आला, एकाच्या मशीनवर बूट होतंय पण कीबोर्डच चालत नाही. आमचा ड्रायव्हर पीएस/२ चा (जुन्या गोल पिनच्या कीबोर्डचा), त्याचा कीबोर्ड यूएसबीचा, आणि बायॉसमध्ये लेगसी सपोर्ट (यूएसबी कीबोर्ड पीएस/२ सारखा दाखवणारा) बंद होता. त्याला तो चालू करायला सांगितलं, चाललं. मग रीडमीत तेवढी ओळ वाढवली, त्याचं नाव आभारांच्या फाइलमध्ये घातलं आणि त्याच रात्री ०.१.१ काढली.